शकुंतलेची वाट तुकड्या-तुकड्यानं संपवू नका, गाडी येईपर्यंत आम्हाला त्यावरून चालू द्या

प्रति,
रेल्वेचे अधिकारी, यवतमाळ, वाशीम, अकोला, अमरावती या चारही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी, आणि शकुंतला ह्या आता बंद असलेल्या छोट्या रेल्वेच्या वाटेवरच्या सगळ्या नगरपरिषदांचे पदाधिकारी व मुख्याधिकारी यांना

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खुलं लिहितोय कारण पाकिटातली तीन पत्रं आधीच लिहून झाली. पोच मिळाली, शिक्का मिळाला, उत्तर मिळालं नाही. कोणत्या ऑफिसला लिहिली होती ते इथं सांगत नाही, मला एका टेबलाशी भांडण करायचं नाहीये. माझ्या गावाचं नावही मुद्दाम लिहीत नाही. यवतमाळ घ्या, दारव्हा घ्या, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर घ्या, ज्यानं त्यानं आपल्या गावाचं नाव टाकून वाचावं. एका गावाचं नाव टाकलं की बाकीचे म्हणतात तो त्यांचा प्रश्न आहे, आणि हा प्रश्न तसा नाही, तो सगळ्या लाइनचा आहे.

मी सायकल दुरुस्तीवाला आहे. जुन्या स्टेशनच्या बाहेर आमचं दुकान, वडिलांनी टाकलेलं. शकुंतला चालू होती तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं सायकलीनं यायची, सायकल आमच्याकडं लावायची आणि गाडीनं पुढं जायची, कोणी बाजाराला, कोणी दवाखान्यात, कोणी कोर्टाच्या तारखेला. संध्याकाळी गाडी परत यायची वेळ झाली की वडील कंदील पुसून ठेवायचे आणि ज्याची हवा गेली असेल त्याचं पंक्चर न सांगता काढून ठेवायचे. मी ह्याच दुकानात लहानाचा मोठा झालो. गाडी इतकी सावकाश चालायची की आम्ही पोट्टे सायकलवरून तिच्या बाजूनं जाऊन डब्यातल्या लोकांशी बोलायचो. हे आठवण म्हणून सांगत नाहीये फक्त, ह्यात एक मुद्दा आहे, पुढं येईल तो.

शकुंतलेच्या रिकाम्या जागेवर चालायला आणि सायकल चालवायला वाट करा, ही माझी मागणी. सायकलचा धंदा असल्यामुळं तीत माझाही फायदा आहे, ते आधीच सांगतो म्हणजे नंतर कोणी काढायला नको. लोक सायकली चालवायला लागले तर माझं दुकान चालेल. पण मी आज जे लिहितोय ते त्यासाठी नाही.

मागच्या पावसाळ्यात एका शेतकऱ्यानं ट्रॉलीत टाकून एक लेडीज सायकल दुकानात आणली. मानव विकासमधून मिळालेली, शाळा लांब असलेल्या मुलींना सरकार देतं ती. नवीच होती, कॅरिअरचा प्लास्टिक कागदही पूर्ण निघाला नव्हता. पुढची रिम आठच्या आकड्यासारखी वळलेली आणि फोर्क मागं दबलेला. मी पाना हातात घेतला तर तो म्हणाला, दुरुस्त करू नका, काय देता ते सांगा. त्याची नववीतली पोरगी हायवेच्या कडेनं शाळेत येत होती, मागून ट्रकनं दाबलं, ती खाली चारीत गेली. वाचली. पायात रॉड आहे. ते वर्ष गेलं तिचं, आणि आता बाप सायकलवर पाठवायला तयार नाही, आणि मी त्याला काय तोंडानं सांगणार की पाठवा म्हणून.

ती सायकल मी मोडीत विकत घेतली नाही, पैसे असेच दिले आणि सायकल दुकानात मागच्या भिंतीला टांगून ठेवलीय. कारण काय, तर ती पोरगी ज्या हायवेनं यायची त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर शकुंतलेचा भराव, म्हणजे रुळाखालचा मातीचा उंच बांध, आहे. रिकामा आहे, सरळ आहे. तिच्या गावाच्या शेताडातून निघतो आणि आमच्या गावात शाळेच्या मागच्या भिंतीपाशी येतो. सरकारनं पोरीला सायकल दिली, आणि ती चालवायला सगळ्यात चांगली जागा सरकारच्याच हद्दीत बाभळी वाढवत पडलीय. हे मला गप बसून बघवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शकुंतला म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज. किलिक निक्सन ह्या इंग्रज कंपनीच्या लोकांनी १९०३ ते १९१६ च्या दरम्यान बांधलेली, वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीपर्यंत नेण्यासाठी, तिथून तो मुंबईला आणि पुढं मँचेस्टरला जायचा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६. इंजिनसुद्धा मँचेस्टरलाच १९२१ साली बनलेलं, वाफेचं, ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललं आणि मग डिझेल आलं. देशातल्या रेल्वे स्वातंत्र्यानंतर सरकारच्या झाल्या तरी ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली आणि रेल्वे ती करारानं चालवत राहिली. २०१६ मध्ये ब्रॉडगेजची, म्हणजे ही लाइन रुंद रुळाची करायची, घोषणा झाली, आम्ही पेढे वाटले. आज गाडीही नाही आणि ब्रॉडगेजही नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही वेगळी नवी लाइन आहे, तिचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, आनंदच आहे, पण त्यानं शकुंतलेच्या जागेचं काय हे सुटत नाही.

आता तक्रारी. सगळ्या लिहीत बसलो तर पत्र संपणार नाही, म्हणून ज्या रोज डोळ्यासमोर दिसतात त्याच लिहितो.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही की जागा कोणाची हे कोणी सांगत नाही. कंपनीची म्हणावं तर कंपनीचा माणूस गावात कधी कोणी पाहिला नाही. रेल्वेची म्हणावं तर कचरा साफ करा म्हणून गेलं की सांगतात नगरपरिषदेकडं जा, नगरपरिषदेत गेलं की म्हणतात ती रेल्वेची हद्द, आमचा झाडूवाला तिथं जाऊ शकत नाही, आणि महसूलमध्ये गेलं की सातबारा बघावा लागेल. बरं पण बघा ना. शंभर वर्षांपूर्वीची जागा आहे, मोजणी कधी ना कधी झाली असेलच. मालक माहीत नसलेल्या जागेचं काय होतं ते गावात कोणालाही विचारा, आधी उकिरडा होतो, मग टपरी होते, मग टपरीचं पक्कं दुकान होतं आणि मग त्या दुकानाला मीटर मिळतं.

दुसरी, जागा मधून मधून खाल्ली जातेय. हे नीट समजून घ्या कारण सगळं ह्याच्यावर आहे. अशा पट्ट्याची किंमत त्याच्या लांबीत असते, सलग असण्यात असते. शंभर मीटर रुंद प्लॉटमधला एक कोपरा गेला तरी प्लॉट राहतो, पण पाच किलोमीटरच्या पट्ट्यात मधे वीस फुटाचं एक बांधकाम आलं की पट्टा राहतच नाही, दोन तुकडे राहतात, आणि ते तुकडे कशाच्याच कामाचे नसतात. ना गाडीच्या, ना माणसाच्या. आणि अशी सलग सरळ वाट गावाच्या पोटातून आज कोणी काढू म्हटलं तर किती घरं पाडावी लागतील, किती कोर्टकेस होतील, विचार करा. आपल्याला ती आयती मिळालीय. परत मिळणार नाही.

तिसरी, रस्त्याला पैसे आहेत आणि चालणाऱ्याला नाहीत. आमच्या गावात एवढ्या वर्षांत रस्ते रुंद झाले, दुभाजक आले, दुभाजकात झाडं आली, गावाच्या तोंडाशी कमान आली. फूटपाथ नाही आला. जिथं आहे तिथं डीपी आहे, नाही तर रसवंती आहे. सकाळी साडेपाचला दुकानासमोरून बघा, शुगरवाले, गुडघेवाले, बायपास झालेले, गरोदर बाया, सगळे हायवेच्या पांढऱ्या पट्टीच्या आत-बाहेर चालतात, डॉक्टरनं सांगितलंय म्हणून, आणि दूधवाल्या पिकअपचा हॉर्न वाजला की काट्याच्या बाजूला सरकतात. देशाचं शहरी वाहतूक धोरण २००६ चं आहे, त्यात स्पष्ट आहे की रस्ता गाड्यांसाठी नाही, माणसांच्या येण्याजाण्यासाठी धरायचा. वीस वर्षं होत आली त्याला.

चौथी, जुनं स्टेशन. दगडी बांधकाम, वर कौलं, आतला बाकडा. रोज एक कौल पडतं. ह्यावर जास्त लिहीत नाही, त्रास होतो.

आता मी मागतोय काय ते. शकुंतलेच्या वाटेवरच्या प्रत्येक गावात, गावाच्या हद्दीतला आणि गावाला चिकटून असलेल्या चार-पाच किलोमीटरपर्यंतच्या खेड्यांना जोडणारा भराव सरकारी पैशानं साफ करून चालायला आणि सायकल चालवायला करा. एवढंच. बाग नको, कारंजं नको, सेल्फी पॉइंट नको, इंग्रजी अक्षरातलं आय लव्ह अमुक तमुक नको.

आणि ही जागा ह्या कामाला का चांगली आहे ते मी सायकलवाला म्हणून सांगतो, इंजिनिअर नाही मी. आपल्याकडची जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर केलेला रस्ता दोन पावसाळ्यांत लाटा मारतो, पेव्हर ब्लॉक तर एका पावसाळ्यात दातासारखे वर येतात. शकुंतलेचा भराव मात्र शंभर वर्षं गाडीच्या वजनाखाली दबून बसलाय, वर गिट्टी आहे, आजूबाजूच्या शेतापेक्षा उंच आहे, पाणी निघून जायला मोऱ्या बांधलेल्या आहेत. जुलैमध्ये हायवेच्या कडेला ढोपरभर चिखल असतो तेव्हा भरावावर पायाला माती लागत नाही, मी स्वतः चालून बघितलंय. दुसरं म्हणजे चढ. रेल्वेला चढ जमत नाही म्हणून बांधणाऱ्यांनी सगळी वाट खोदून, भरून, वळवून जवळपास सपाट ठेवली. माझ्याकडं येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची, लहान पोरांची, मागं गॅस सिलिंडर किंवा दुधाचे कॅन बांधणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार चढाची असते, उतरून ढकलत न्यावी लागते म्हणून सायकल सुटते माणसाची. इथं उतरावं लागणार नाही. आम्ही लहानपणी गाडीच्या बाजूनं सायकल मारायचो ते त्यामुळंच जमायचं. तेव्हा मला कळत नव्हतं, आता कळतं.

वरून टाकायचं काय, तर मुरूम. चांगला मुरूम, पाणी मारून रोलरनं दाबलेला. गुडघ्याला बरा, सायकलला बरा, स्वस्त, आणि उखडला तर गावातल्या माणसाकडून नीट करता येतो. दोन्ही कडेला कडुनिंब आणि करंज लावा, आपल्याकडं पंचेचाळीसचा उन्हाळा असतो, सावली नसेल तर नऊच्या पुढं तिथं कुत्रंसुद्धा जाणार नाही. जिथं वाट रस्त्याला आडवी येते, म्हणजे जुनं फाटक होतं तिथं, गाड्यांना गतिरोधक आणि पट्टे. आणि प्रत्येक तोंडाला लोखंडी खांब, असे की सायकल आणि व्हीलचेअर जाईल पण बुलेट जाणार नाही. हे खांब पहिल्या दिवशी लागले नाहीत तर महिन्याभरात तो शॉर्टकट होईल आणि मग आमच्या सकाळच्या बाया परत हायवेवर. आणि दिवे. दिवे नसले तर संध्याकाळी बायका-मुलींसाठी ती वाट नसल्यातच जमा.

आता सगळ्यात अवघड गोष्टीवर येतो. गाडी परत आली पाहिजे म्हणणारे माझे मित्र आहेत, मी स्वतः त्या आंदोलनात मांडीला मांडी लावून बसलोय आणि उद्याही बसेन. ते मला म्हणतात, तू चालायची वाट मागतोस म्हणजे गाडीचा विषय संपला असं सरकारला लिहून देतोस. मी खूप दिवस ह्याच भीतीनं गप होतो. मग पुतण्यानं मला एक गोष्ट दाखवली आणि माझं मत बदललं.

अमेरिकेत १९८३ साली कायद्यात एक तरतूद केली त्यांनी. रेल्वेला एखादी लाइन बंद करायची असेल तर ती मोडून तुकडे विकण्याऐवजी जागा सलग ठेवायची, त्यावर चालायची-सायकलची वाट करायची, आणि उद्या परत गाडीची गरज पडली तर तीच जागा परत गाडीला द्यायची. म्हणजे लाइन बँकेत ठेवल्यासारखी. काही जमीनमालक कोर्टात गेले, १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती तरतूद कायम ठेवली. ह्यात मला आमचं उत्तर दिसलं. आज शकुंतलेची जागा कोण राखतंय? कोणीच नाही. रोज पाचशे माणसं ज्या वाटेवरून चालतील त्या वाटेवर रात्रीतून टपरी टाकायची कोणाची हिंमत होणार नाही, सकाळी साडेपाचला पाचशे माणसं विचारतील, हे काय. चालणारी माणसं हेच राखणदार. ब्रॉडगेज मंजूर होऊन खरंच काम निघालं तर आम्ही त्या दिवशी बाजूला होऊ, हे मी इथं लिहून देतो आणि गावातल्या चालणाऱ्यांच्या सह्याही आणून देतो. पण बाभळीत पडलेली लाइन परत मिळवायला जे जाईल त्यापेक्षा चालत्या वाटेवरून ती मिळवणं कितीतरी सोपं राहील.

पुतण्या सिंगापूरला नोकरीला आहे, तिथलं तो स्वतः रोज बघतो. तिथं मलेशियाची रेल्वे शहराच्या मधून जायची, २०११ च्या जूनअखेर ती बंद झाली आणि जागा सिंगापूर सरकारकडं आली. जागेला सोन्याचा भाव असलेलं शहर आहे ते, इमारती बांधल्या असत्या तर किती पैसे आले असते. पण तिथल्या निसर्गप्रेमी लोकांनी आधीपासून लावून धरलं होतं की पट्टा तोडू नका. सरकारनं दुसऱ्याच दिवसापासून काही दिवस लोकांना रुळावरून चालायला मोकळीक दिली, मग रूळ काढले, पण २४ किलोमीटरची वाट सलग ठेवली. लोखंडी पूल ठेवले, एक जुनं स्टेशन दुरुस्त करून ठेवलं. पुतण्या व्हिडिओ कॉलवर ते स्टेशन दाखवतो तेव्हा मी आमच्या स्टेशनच्या पायरीवर बसलेला असतो.

शिकागोत एक उंचावरची मालगाडीची लाइन होती, साडेचार किलोमीटरला थोडी कमी, ती २०१५ मध्ये चालायला-सायकलला खुली केली. साडेनऊ कोटी डॉलर लागले, आणि त्यातला मोठा वाटा तिथल्या केंद्र सरकारच्या हवा सुधारायच्या आणि ट्रॅफिक कमी करायच्या निधीतून आला. एवढे पैसे आपल्याला लागणारच नाहीत, त्यांची लाइन पुलावर होती, आपली जमिनीवर आहे. मला त्यातून एवढंच सांगायचंय की हे काम बागबगीच्याच्या उरलेल्या पैशातून नाही, वाहतुकीच्या मुख्य पैशातून झालं. चालणं ही वाहतूकच आहे. शाळेत जाणारी पोरगी वाहतूकच करतेय.

पण त्याच शिकागोच्या वाटेची दुसरी बाजूही वाचली मी. वाट झाली तशी आजूबाजूच्या घरांचे भाव आणि भाडी वाढली आणि तिथली जुनी कामगार वस्ती उठायला लागली. म्हणून आत्ताच बोलून ठेवतो. शकुंतलेच्या कडेनं गावागावात गरिबांची घरं आहेत. त्यांनी हौस म्हणून रुळाच्या कडेला घर नाही बांधलं, दुसरीकडं जागा नव्हती. आमच्या चालण्यासाठी एकही घर आधी दुसरं घर दिल्याशिवाय हलवू नका. जिथं घरं आहेत तिथं वाट अरुंद करा, वळवा, लागलं तर तेवढा तुकडा गल्लीतून न्या, चालेल आम्हाला. ज्यांनी पक्के गाळे काढून भाडं खाल्लं त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि दोन्ही एकाच नोटिशीत घालू नका, हे हात जोडून सांगतो. माझ्या दुकानाची पुढची पडवीसुद्धा मोजणीत हद्दीत निघाली तर मी स्वतः काढून घेईन.

पैसा कुठून, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो, म्हणून त्याचंही लिहितो. केंद्राच्या अमृत २.० ह्या शहरांसाठीच्या योजनेत बागा आणि हिरव्या जागांना तरतूद आहे. राज्याची नगरोत्थान योजना आहे. जिल्हा नियोजन समितीचा निधी आहे, चार जिल्हे म्हणजे चार समित्या. वित्त आयोगाचं अनुदान नगरपरिषदांना येतं. राज्याच्या पर्यावरणाच्या माझी वसुंधरा अभियानात नंबर यावा म्हणून दरवर्षी भिंती रंगवतात, त्यात ही वाट बसत नाही का? आणि जागेचं म्हणाल तर सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं रेल्वेच्या जमिनीचं जे धोरण मंजूर केलं त्यात दवाखाने आणि केंद्रीय विद्यालयांसाठी वर्षाला चौरस मीटरमागं एक रुपया अशा नाममात्र दरानं जागा द्यायची सोय आहे. त्या यादीत चालायच्या वाटा घाला. दवाखाना लागूच नये म्हणून लोक चालतात, मग दवाखान्याला एक रुपया आणि चालणाऱ्याला नकार हे कसं जुळवायचं?

तर माझ्या मागण्या ह्या.

चारही जिल्ह्यांत शकुंतलेच्या पूर्ण जागेची मोजणी करा, खुणांचे दगड लावा, आणि कुठला तुकडा कंपनीचा, कुठला रेल्वेचा, कुठला महसूलचा ते तीन महिन्यांत जाहीर करा, नकाशा तहसीलच्या भिंतीवर लावा म्हणजे सगळ्यांना दिसेल.

निर्णय होईपर्यंत ह्या पट्ट्यातला एक फूटही विकू नका, भाड्यानं देऊ नका, पार्किंगला किंवा गाळ्यांना देऊ नका.

रेल्वे आणि नगरपरिषदा यांच्यात लेखी करार करा की गाडीचा हक्क कायम ठेवून जागा चालायला-सायकलला वापरायला देत आहोत. हे वाक्य त्यात असलंच पाहिजे, गाडीचा हक्क कायम ठेवून. त्याशिवाय मी स्वतः ह्या वाटेच्या बाजूनं उभा राहणार नाही.

ह्या वर्षीच्या बजेटमध्ये प्रत्येक नगरपरिषदेनं निदान पहिल्या दोन किलोमीटरचं काम घ्यावं, आणि पहिला तुकडा तो घ्यावा ज्यावर शाळा आहे. नदीकाठचा, पाहुण्यांना दाखवायचा तुकडा नंतर करा.

टेंडरमध्ये पाच वर्षांची देखभाल धरा. आमच्या गावातल्या ओपन जिमचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, उद्घाटनाला फोटो निघाला आणि नंतर नटबोल्ट आवळायलाही कोणी आलं नाही. आवळायचं काम मी केलं असतं, पण मला हात लावायची परवानगी नव्हती.

जुनं स्टेशन पाडू नका. एका खोलीत पाण्याची सोय आणि बायकांसाठी स्वच्छतागृह करा, दुसऱ्या खोलीत शाळेच्या पोरांसाठी शकुंतलेचे फोटो, तिकिटं, कंदील लावा. वडिलांचा कंदील मी देतो.

१९६३ साली शिकागोजवळ मे थिलगार्ड वॉट्स नावाची एक सत्तरीची बाई होती, झाडाझुडपांची अभ्यासक. तिच्या भागातली रेल्वे बंद पडली होती आणि जागा मोडीत निघणार होती. तिनं पेपरला एक पत्र लिहिलं, की ही जागा पायी चालणाऱ्यांसाठी ठेवा. त्या पत्रावरून लोक जमले आणि त्या लाइनीवर आज लोक चालतात, सायकली चालवतात. माझा पुतण्या मला म्हणाला, काका तुम्ही पण लिहा. मला तिच्यासारखं लिहिता येत नाही, दहावीनंतर शाळा सुटली माझी, हे पत्र मोबाइलवर बोलून आणि मग पुतणीकडून नीट करून घेतलंय. पण लिहिलं.

तीस दिवस वाट बघतो. उत्तर आलं तर दुकानाच्या बाहेर लावीन, लोक वाचतील. नाही आलं तर एका रविवारी आम्ही गावातले चालणारे लोक कुऱ्हाडी आणि विळे घेऊन भरावावरच्या बाभळी स्वतः तोडायला सुरुवात करू, आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवून, आणि त्या दिवशी रेल्वेच्या एकाही वस्तूला, रुळाला, स्लीपरला हात लागणार नाही ह्याची जबाबदारी माझी.

त्याआधी तुमच्यापैकी कोणाला जागा बघायची असेल तर कोणत्याही दिवशी सकाळी सहाला जुन्या स्टेशनच्या फाटकाशी मी असतो. शाळेच्या मागच्या भिंतीपर्यंत चालत जाऊन परत यायला तासभर लागतो. बूट घालून या, काटे फार आहेत.

आपला,
स्टेशनबाहेरचा सायकल दुरुस्तीवाला